अडते ते विज्ञान की भाषा?

"द्रवाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ वाढविल्यास बाष्पीभवनाचा वेग वाढतो." शालेय विज्ञानात हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात येतेच. आता दुसरे एक वाक्य पाहा. "ओले धान पातळ पसरले की लवकर वाळते." दोन्ही वाक्यांमागील तत्त्व एकच आहे. गोंदिया जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरातील मुलाला दुसरे वाक्य कोणी शिकवावे लागत नाही. अंगणात धान पसरताना त्याने ते पाहिलेले असते आणि पसरण्याच्या कामाला हातही लावलेला असतो. पहिले वाक्य मात्र तेच मूल परीक्षेसाठी पाठ करते, अर्धवट लिहिते आणि गुण गमावते. मग आपण शेरा देतो, "विज्ञानात कच्चा."

हा शेरा बरोबर आहे का? कच्चे काय आहे, विज्ञान की भाषा? ही शंका बहुतेक शिक्षकांच्या मनात कधी ना कधी येऊन गेलेली असते. पण शंका येणे वेगळे आणि ती तपासून पाहणे वेगळे. महाराष्ट्रात हा प्रश्न रीतसर प्रयोग करून तपासला गेला आहे, आणि तोही वैज्ञानिकांकडून. त्या कामाची ओळख करून घेणे, त्यामागील कारणमीमांसा समजून घेणे आणि गोंदियासारख्या अनेक बोलींच्या जिल्ह्यात त्याचा उपयोग कसा करता येईल हे पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

वैज्ञानिक शाळेत येतात

विद्यापीठे आणि शिक्षणशास्त्राचे विभाग आपल्या प्राध्यापकांच्या कामगिरीचे अहवाल दरवर्षी काढतात. त्यांत शोधनिबंध, परिषदा आणि पुरस्कार यांची मोजदाद असते. शेवटी "समाजाभिमुख उपक्रम" असे एक छोटे प्रकरण असते. म्हणजे संशोधन हे मुख्य काम आणि शाळांत जाणे हे सवडीचे, अशी विभागणी आपण गृहीत धरलेली असते. ही विभागणी मोडणारी एक संस्था १९७४ साली मुंबईत सुरू झाली. तिचे नाव होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे केंद्र आहे. आज ही मातृसंस्था अभिमत विद्यापीठ असून केंद्रात विज्ञान शिक्षण या विषयात पीएच. डी. करता येते. सुरुवातीला मात्र हे केंद्र नाना चौकातील महापालिकेच्या एका शाळेत भरत असे. मानखुर्द येथील स्वतःच्या इमारतीत ते नंतर, १९९०च्या दशकात गेले.

केंद्राच्या स्थापनेमागे सैद्धान्तिक भौतिकीचे संशोधक प्रा. भा. मा. उदगावकर यांचा मोठा पुढाकार होता आणि केंद्राची धुरा भौतिकीचेच संशोधक डॉ. वि. गो. कुलकर्णी यांनी सांभाळली. मूलभूत संशोधन करणारी माणसे महापालिकेच्या आणि खेड्यांतील शाळांत गेली ती व्याख्याने देऊन परत येण्यासाठी नव्हे. मुले विज्ञान शिकताना नेमकी कुठे अडतात, हा त्यांच्या दृष्टीने संशोधनाचाच प्रश्न होता. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत केंद्राने काम केले. त्यात स्वस्त साहित्यातून प्रयोग आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांवर भर होता. पुढे १९८०च्या दशकात मुंबई महापालिकेच्या शाळांतील, ज्यांच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी होती अशा मुलांबरोबर काम झाले. आज विज्ञान ऑलिंपियाडसाठी हे केंद्र देशभर ओळखले जाते. पण साध्या शाळांतील साध्या मुलांबरोबरचे हे आरंभीचे काम शिक्षकांच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.

प्रयोग भाषेचा

या कामातून पुन्हा पुन्हा एक गोष्ट समोर येत होती. मुलाला प्रयोग दाखवला आणि त्याच्याशी बोलले, की त्याला कळते. तेच पुस्तकात वाचायला दिले, की कळत नाही. पण याची कारणे अनेक असू शकतात. प्रयोग डोळ्यांसमोर असतो म्हणून कळत असेल, किंवा शिकवणारा चांगला असेल, किंवा नव्या माणसांमुळे मुले उत्साहात असतील. भाषेचा वाटा नेमका किती, हे कसे ओळखायचे?

इथे वैज्ञानिकाची शिस्त कामी येते. अनेक कारणे एकत्र असतील तर एक सोडून बाकीची कायम ठेवावी लागतात. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. गंभीर यांनी तेच केले. विज्ञानाचा आशय तोच ठेवला, संकल्पना वगळल्या नाहीत आणि अवघड भागही गाळला नाही. बदलली ती फक्त मराठी भाषा. लांब वाक्ये तोडली, पुस्तकी शब्दांच्या जागी मुलांच्या परिचयाचे शब्द आणले. एका गटाने नेहमीची भाषा वापरली, दुसऱ्याने सोपी केलेली. दोन्ही गटांची तुलना केली तेव्हा सोप्या भाषेच्या गटाची प्रगती स्पष्टपणे अधिक दिसली. हे संशोधन १९८१ साली प्रसिद्ध झाले. १९८८ मध्ये पीटर फेनशॅम यांनी संपादित केलेल्या विज्ञान शिक्षणावरील आंतरराष्ट्रीय ग्रंथात कुलकर्णी यांनी विज्ञान शिक्षणातील भाषेच्या भूमिकेवर प्रकरण लिहिले.

या निष्कर्षाचे महत्त्व नीट ध्यानात घेतले पाहिजे. ही मुले मराठी भाषकच होती आणि पुस्तकही मराठीच होते. तरीही भाषेची भिंत उभी होती. म्हणजे मातृभाषेतून शिक्षण दिले की भाषेचा प्रश्न सुटला, असे होत नाही. मातृभाषेतही घरची एक आणि पुस्तकाची एक अशा दोन भाषा असतात आणि त्यांमधील अंतर सर्व मुलांसाठी सारखे नसते. ज्या घरात वर्तमानपत्र वाचले जाते, त्या घरातील मुलाला ते थोडे असते. ज्या घरात शिकणारी पहिलीच पिढी आहे, तिथे ते फार मोठे असते. आपण परीक्षेत गुण देतो ते विज्ञानाचे म्हणून, पण त्यात हे अंतरही मोजले जाते.

कोणते शब्द अडवतात?

विज्ञानाची भाषा अवघड म्हटली, की आपले लक्ष प्रथम पारिभाषिक शब्दांकडे जाते. मराठी परिभाषेचा मोठा भाग संस्कृत धातूंवरून घडवलेला आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. रघुवीर यांनी नागपूर येथे राहून अशा हजारो शब्दांची टांकसाळच उघडली होती. पुढे राज्याच्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश तयार केले. या शब्दांची एक अडचण खरी आहे. ते एकमेकांसारखे दिसतात. विसरण, परासरण, अभिसरण हे तीन शब्द घ्या, किंवा परावर्तन, अपवर्तन, अपस्करण हे तीन. ज्याला प्र, परा, अप, अभि या उपसर्गांची ओळख आहे त्याला ते वेगळे वाटतात. ज्याला नाही, त्याला ती एकाच साच्यातील नाणी वाटतात.

तरीही पारिभाषिक शब्द हा मुख्य अडथळा नाही. शिक्षक तो शब्द फळ्यावर लिहितो, व्याख्या सांगतो, उदाहरण देतो. खरा अडथळा असतो तो ज्यांच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही अशा साध्या दिसणाऱ्या शब्दांचा. ऑस्ट्रेलियात पॉल गार्डनर यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आणि ब्रिटनमधील ग्लासगो येथे कॅसल्स व जॉनस्टन यांनी १९८०च्या दशकात इंग्रजीतील अशा शब्दांची तपासणी केली. विज्ञानाच्या तासाला सर्रास वापरले जाणारे, पण पारिभाषिक नसलेले अनेक शब्द विद्यार्थ्यांना नीट कळत नव्हते. काही शब्दांचा तर ते उलटाच अर्थ घेत होते.

मराठीत असे शब्द शोधायला दूर जावे लागत नाही. अनुक्रमे, परिणामी, सापेक्ष, नगण्य, उत्सर्जित, समप्रमाणात, अन्यथा, यांपैकी एकही शब्द आपण तासाला समजावून सांगत नाही, कारण ते "विज्ञानाचे" शब्द नाहीत. ते मराठीच्या तासालाही सहसा शिकवले जात नाहीत.

याहून फसवा आहे तो दोन अर्थ असलेल्या शब्दांचा गट. त्यातील काही नेहमीचे शब्द असे :

व्यस्त – रोजच्या बोलण्यात कामात गुंतलेला, विज्ञानात उलट प्रमाण.
कार्य – घरी लग्नकार्य, विज्ञानात बल आणि विस्थापन यांच्याशी निगडित राशी.
पदार्थ – घरी खाण्याचा जिन्नस, विज्ञानात कोणतेही द्रव्य.
स्थिर – बोलण्यात न हलणारा, सूत्रात न बदलणारा.
वजन – बाजारात किलोमध्ये मोजतात ते, भौतिकीत गुरुत्वाकर्षणाचे बल.

"स्थिर वेगाने जाणारी गाडी" हे शब्द ऐकून एखादे मूल गोंधळले, तर त्याचे भौतिकी कच्चे आहे असे नव्हे. त्याचे मराठी पक्के आहे, इतकेच. स्थिर म्हणजे थांबलेले, मग थांबलेली गाडी जाते कशी?

वाक्याचे ओझे

शब्दांइतकाच प्रश्न वाक्यरचनेचा आहे. पाठ्यपुस्तकी धाटणीचे एक वाक्य घेऊ :

"बंद भांड्यातील ठरावीक वस्तुमानाच्या वायूचे तापमान स्थिर ठेवून त्यावरील दाब वाढविल्यास त्याचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते."

मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे "कमी होते" येथपर्यंत पोहोचेतो आधीचे सर्व डोक्यात धरून ठेवावे लागते. भांडे बंद आहे, वस्तुमान ठरावीक आहे, तापमान बदलत नाही, दाब वाढतो आहे, दोन वेळा आलेला "त्या" हा शब्द वायूसाठी आहे आणि व्यस्त म्हणजे उलट.

माणसाच्या मनात एका वेळी किती गोष्टी खेळवता येतात, याला मर्यादा आहे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली हा आकडा सातच्या आसपास सांगितला. पुढील संशोधनानुसार तो याहून कमी, चारच्या जवळपास असावा. या मर्यादित जागेला कार्यकारी स्मृती म्हणतात. रसायनशास्त्राच्या शिक्षणावर संशोधन करणारे जॉनस्टन यांना असे आढळले, की प्रश्न सोडवताना एकाच वेळी सांभाळायच्या गोष्टी या मर्यादेपलीकडे गेल्या, की उत्तरे बरोबर येण्याचे प्रमाण हळूहळू कमी होत नाही, ते एकदम कोसळते.

यातून भाषेचा अडथळा कसा काम करतो हे कळते. भाषा उलगडण्यातच ही जागा भरून गेली, तर विज्ञानाचा विचार करायला जागाच उरत नाही. ज्याला ही भाषा सवयीची आहे, त्याला ती उलगडायला फार जागा लागत नाही. म्हणून एकाच वर्गातील, सारख्याच बुद्धीच्या दोन मुलांपैकी एकाला बॉइलचा नियम कळतो आणि दुसऱ्याला कळत नाही.

आता तेच असे लिहू :

"एका बंद भांड्यात वायू आहे. तो बाहेर जाऊ शकत नाही, बाहेरची हवाही आत येऊ शकत नाही. भांड्याचे तापमान आपण बदलू देत नाही. भांड्याला वर-खाली सरकणारा दट्ट्या आहे. दट्ट्या दाबून वायूवरील दाब दुप्पट केला, तर वायूचे आकारमान निम्मे होते. दाब तिप्पट केला, तर आकारमान एकतृतीयांश होते. एक राशी जितक्या पट वाढते, तितक्या पट दुसरी कमी होते. याला व्यस्त प्रमाण म्हणतात."

मजकूर लांबला, पण विज्ञान कमी झाले नाही. नियमाच्या सर्व अटी त्यात आहेत, उलट व्यस्त प्रमाण म्हणजे काय हेही आता स्पष्ट झाले. भाषा सोपी करणे म्हणजे आशय पातळ करणे, असा एक समज आपल्याकडे आहे. हे उदाहरण तो तपासून पाहायला पुरेसे आहे. पारिभाषिक शब्दही इथे टाळलेला नाही. तो फक्त शेवटी आला, अर्थ हाती आल्यानंतर.

गोंदियाच्या वर्गात

मुंबई आणि खिरोदा येथे जे दिसले, त्याला गोंदिया जिल्ह्यात आणखी एक पदर आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा राज्याच्या ईशान्य टोकाला आहे. उत्तरेला मध्य प्रदेशातील बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख जुन्या मध्य प्रदेशातच होता. त्यामुळे इथे बोलींची सरमिसळ आहे. झाडीबोली आहे, पोवारी आहे, लोधी समाजाची बोली आहे, सीमेवर छत्तीसगढी ऐकू येते आणि बाजारात हिंदी चालते. देवरी, सालेकसा भागांत गोंडी बोलणारी कुटुंबे आहेत. गोंडी तर द्राविडी कुळातील भाषा आहे. तिचा मराठीशी शेजारसंबंध आहे, रक्तसंबंध नाही. म्हणजे खिरोद्याच्या मुलासमोर मराठीतून पुस्तकी मराठीत जाण्याची एक पायरी होती, तर इथल्या अनेक मुलांसमोर दोन पायऱ्या आहेत.

रोजच्या कामाचे शब्दही पुस्तकापेक्षा वेगळे आहेत. पुस्तकात "भाताचे पीक" असते. इथे शेतात उभे असते ते धान आणि भात हा शिजल्यावर ताटात येतो. पुस्तकातील रोपवाटिकेतील रोपांना इथे पऱ्हे म्हणतात. लावणीला रोवणी म्हणतात. शेताच्या बांध घातलेल्या तुकड्याला बांधी, कापून ठेवलेल्या पिकाला कडपा, त्याच्या रचलेल्या ढिगाला पुंजणे, पाणी साठवण्याच्या लहान तळ्याला बोडी. पश्चिम महाराष्ट्रातील मुलाला हे शब्द माहीत नसतात, म्हणून त्याला कोणी कच्चा म्हणत नाही.

उच्चारांचेही तसेच. झाडीबोलीत "ण"च्या जागी "न" आणि "ळ"च्या जागी "र" ऐकू येतो. पाणी हे पानी होते, डोळा हा डोरा होतो. ही चूक नव्हे, तो त्या बोलीचा नियम आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा अभ्यास करून तिचा शब्दकोश सिद्ध केला, तेव्हा ही बोली म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे हे पुरेसे स्पष्ट झाले. पण वर्गात मुलाने "पानी आटते" म्हटले आणि आपण आधी "पानी नव्हे, पाणी" असे सुधारले, तर काय होते? मूल निरीक्षण सांगत होते, आपण उच्चार तपासला. असे चार वेळा झाले, की ते मूल पाचव्या वेळी बोलत नाही. प्रमाण उच्चार शिकवायलाच हवा, पण तो मराठीच्या तासाला. विज्ञानाच्या तासाला आधी "बरोबर, आटते. का आटते?" असे विचारावे.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २९ मध्ये शक्य असेल तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. एकाच वर्गात चार बोलींची मुले असताना ते अक्षरशः पाळणे सोपे नाही. पण मुलाला त्याच्या शब्दांत विचार करू देणे आणि मग पुस्तकी शब्दाकडे नेणे, हे कोणत्याही वर्गात शक्य आहे.

राइस मिलमधील धडा

हे कसे करायचे, याचे एक उदाहरण पाहू. गोंदिया हे राइस मिलचे गाव. अरवा आणि उष्णा हे तांदळाचे दोन प्रकार इथल्या मुलांना नावाने माहीत असतात. अरवा तांदूळ म्हणजे धान वाळवून सरळ भरडलेला. उष्णा म्हणजे धान आधी भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडलेला.

मुलांना प्रश्न विचारावा. उष्णा तांदळात कणी कमी का पडते? माहितीसाठी त्यांना घरी किंवा मिलमध्ये काम करणाऱ्यांना विचारू द्यावे. शक्य असल्यास थोडे धान वर्गात आणून भिजवावे, आधी आणि नंतर तोलावे. चर्चा मुलांच्या बोलीतच होऊ द्यावी. "पानी पिते", "फुगते", "घट्ट होते" असे शब्द येतील. ते फळ्यावर तसेच लिहावेत.

मग त्यामागील विज्ञान. धान भिजताना पाणी दाण्याच्या आत शिरते. वाफेच्या उष्णतेने दाण्यातील स्टार्चचे कण हे पाणी घेऊन फुगतात आणि एकमेकांत मिसळून एकजीव होतात. त्यामुळे दाण्यातील बारीक तडे सांधले जातात. वाळल्यावर दाणा टणक होतो आणि भरडताना तुटत नाही. आणखी एक फायदा होतो. कोंड्याच्या थरात असलेली ब गटातील काही जीवनसत्त्वे पाण्याबरोबर दाण्यात आत सरकतात. त्यामुळे भरडल्यानंतर ती उष्णा तांदळात अरव्यापेक्षा अधिक उरतात.

आता "पिते"च्या शेजारी शोषण, "फुगते"च्या शेजारी प्रसरण, "आत सरकते"च्या शेजारी विसरण हे शब्द लिहावेत. नवा शब्द रिकाम्या जागी येत नाही, ओळखीच्या शब्दाच्या शेजारी येतो. परीक्षेत मुलाला "विसरण" हाच शब्द लिहायचा आहे, तो त्याने शिकलाच पाहिजे. क्रम मात्र हा असावा : आधी अनुभव, मग मुलाचा शब्द, मग पुस्तकाचा शब्द. "कार्य", "वजन" यांसारख्या शब्दांच्या बाबतीत एक पायरी अधिक घ्यावी. घरचा अर्थ आणि विज्ञानाचा अर्थ कुठे वेगळा होतो, ते दोन्ही अर्थ समोरासमोर ठेवून सांगावे.

शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांपासून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात याच क्रमाचा पाठपुरावा झाला होता. दिल्ली विद्यापीठातील आणि टाटा संस्थेतील वैज्ञानिक तिथे शिक्षकांबरोबर बसून प्रयोग आणि पुस्तके तयार करीत. १९७८ मध्ये तो कार्यक्रम जिल्हाभर पसरला आणि २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. बाहेरून आलेला कार्यक्रम आदेशाने बंद होऊ शकतो. शिक्षकाने स्वतःच्या वर्गात तपासून पटवून घेतलेली गोष्ट मात्र अशी बंद होत नाही.

तुमच्या वर्गातील चाचणी

तेव्हा हे खरे की खोटे, ते प्रत्येकाने तपासून पाहावे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. अमेरिकेत विल्सन टेलर यांनी १९५३ साली मांडलेली रिकाम्या जागांची चाचणी इथे उपयोगी पडते. कृती अशी :

१. विज्ञानाच्या पुस्तकातील, अजून न शिकवलेला, साधारण अडीचशे शब्दांचा उतारा निवडावा.

२. पहिले वाक्य तसेच ठेवावे. त्यानंतर प्रत्येक पाचवा शब्द गाळून तेथे सारख्याच लांबीची रेघ मारावी. सुमारे ५० जागा तयार होतील. शब्द सोपा की अवघड हे पाहू नये, पाचवा असेल तो गाळावा.

३. मुलांना संदर्भावरून जागा भरायला सांगावे. घाई करू नये.

४. मूळ शब्दच आला असेल तर एक गुण द्यावा. उच्चाराप्रमाणे लिहिलेला, म्हणजे "पाणी"ऐवजी "पानी", बरोबर धरावा.

निम्म्याहून बऱ्याच अधिक, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास जागा भरल्या गेल्या, तर उतारा त्या मुलाला स्वतः वाचून समजण्यासारखा आहे. चाळीस टक्क्यांहून कमी भरल्या, तर तो मदत घेऊनही जड जाणार. हे आकडे इंग्रजीवरील अभ्यासांतून आलेले आहेत. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे ते ढोबळ मानावेत. तरी आपण मुलांच्या हाती दिलेले पुस्तक किती जणांना वाचता येते, याचा अंदाज येतोच.

याच्या पुढची पायरी म्हणजे कुलकर्णी-गंभीर यांच्या प्रयोगाची छोटी आवृत्ती. त्याच उताऱ्याची सोपी प्रत लिहावी. एकही मुद्दा गाळू नये. वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग करावेत. हुशार मुले एकीकडे असे होऊ देऊ नये. एका भागाला मूळ उतारा, दुसऱ्याला सोपा. वाचायला सारखा वेळ द्यावा. मग दोघांनाही तेच दहा प्रश्न द्यावेत. प्रश्नांची भाषा सोपी ठेवावी, नाहीतर पुन्हा भाषाच मोजली जाईल. एका वर्गातील फरकावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, कारण मुले थोडी असतात. दहा शाळांनी तोच उतारा वापरला, तर आकडे बोलू लागतील.

इथे जिल्ह्यातील शिक्षण महाविद्यालयांना मोठी संधी आहे. गोंदियात पुंजाभाई पटेल शिक्षण महाविद्यालय आहे, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. बी. एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाल्यापासून भावी शिक्षक अनेक आठवडे शाळांत आंतरवासितेसाठी राहतात. प्रत्येकाने मुले जिथे अडली ते शब्द आणि मुलांनी वापरलेले त्या जागचे शब्द, एवढेच एका वहीत टिपले, तरी दोन-तीन वर्षांत जिल्ह्यासाठी विज्ञानाची एक शब्दसूची तयार होईल. झाडीबोली, पोवारी, गोंडी अशा रकान्यांची. प्राध्यापकांच्या दृष्टीने ते संशोधन ठरेल आणि शाळांच्या दृष्टीने रोजच्या वापराचे साधन. खिरोद्याच्या कामातही संशोधन आणि शाळेची सेवा या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या.

दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यायची की नाही, हे बऱ्याचदा "मला विज्ञान जमत नाही" या मुलाच्या समजुतीवर ठरते. त्या समजुतीचा केवढा भाग पुस्तकाच्या भाषेने तयार केलेला आहे, हे तपासायला दोन तास आणि एक उतारा लागतो. येत्या सत्रात एखाद्या वर्गात ही चाचणी घेऊन पाहावी आणि आलेले आकडे शेजारच्या शाळेतील विज्ञान शिक्षकाच्या आकड्यांशी ताडून पाहावेत.